टेकवा नाना, टेकवा!

मालेगावात कुठलीही वस्तू बिघडली की आधी ती सार्वजनिक होते, मग दुरुस्त होते. स्कूटर सुरू होत नसेल तर पहिला वाटसरू न विचारता किक मारतो, दुसरा प्लग काढून फुंकतो आणि तिसरा दोघांचं कसं चुकतंय ते सांगतो. गब्बरच्या टोळीला घोड्यांऐवजी सायकलींवर बसवून ‘मालेगाव के शोले’ काढणारं हे गाव. तो सिनेमा काढणाऱ्या नासिर शेख यांनीच पुढे इथल्याच एका यंत्रमाग कामगाराला सुपरमॅन करून उडवला. अशा गावाला मोबाईल म्हणजे किस झाड की पत्ती! पण नानांच्या फोनने सगळ्यांना घाम फोडला.

नाना म्हणजे माझे थोरले काका, वय अठ्ठ्याहत्तर. पुण्याच्या नातवाने दिवाळीत त्यांना नवा फोन दिला. त्यात एनएफसी होतं. नातवाने त्यात बँकेचं कार्ड भरलं आणि सांगितलं, “आजोबा, आता पाकीट नको, पिन नको. फोन मशीनला नुसता टेकवायचा, पैसे गेले!” यातलं ‘पैसे गेले’ एवढंच नानांच्या लक्षात राहिलं.

तसं पाहिलं तर नानांना या शोधाचं फारसं कौतुक नव्हतं. 2022च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. नाना सटाण्याला जाताना आधार कार्ड दाखवतात आणि कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. पैशाला स्पर्शच नाही! यापुढची प्रगती ती काय असणार, असा त्यांचा रास्त सवाल होता. पण नातवाने दिलेला फोन. वापरला नाही तर पोराला वाईट वाटेल.

म्हणून गावातल्या कॅम्प भागातल्या मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घेऊन नानांनी फोन मशीनला टेकवला. काही झालं नाही. “टेकवा नाना, टेकवा,” दुकानदार म्हणाला. नानांनी दाबून धरला. मग काडेपेटीवर काडी ओढावी तसा ओढला. मागे रांग वाढत होती आणि रांगेतला प्रत्येक जण या विषयातला जाणकार निघाला. “डाटा चालू आहे का?” “ब्लूटूथ लावा.” “स्क्रीन पुसा, तेलकट झालीय.” एका बाईंनी तर फोन नानांच्या हातातून घेऊन पदराने पुसला आणि दुकानदाराकडे दिला, त्याने तो मशीनला लावला, मग पोऱ्याने लावला. स्पर्शाविना चालणाऱ्या त्या सोयीला पाच मिनिटांत निम्म्या कॅम्पाचा हात लागला.

यातली मेख अशी की, एनएफसीला फार जवळीक लागते. फोनच्या पाठीत तारेचं एक चपटं वेटोळं असतं, मशीनमध्येही असतं. मशीन 13.56 मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडतं आणि साधारण चार सेंटीमीटरच्या आत दोन्ही वेटोळी समोरासमोर आली तरच बोलणं होतं. आता फोनमधलं वेटोळं बऱ्याचदा कॅमेऱ्याजवळ, आणि आपण टेकवतो फोनचं पोट. मशीनमधलं कधी स्क्रीनमागे, कधी कडेला. चार वाकड्या रेघांचं चिन्ह शोधायचं आणि तिथे धरायचं. नोकिया, फिलिप्स आणि सोनी या तिघांनी 2004 साली एकत्र येऊन याचा प्रसार करायला मंच काढला, तेव्हा मोतीबिंदू झालेल्या माणसाला ते चिन्ह दिसेल का, हे बहुधा कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात नानांनी वैतागून फोन पालथा केला, झाकणासकट मशीनवर आपटला, आणि मशीन ‘टुंय्’ करून वाजलं. पावती बाहेर आली. रांगेने हुश्श केलं.

दोन मिनिटांत काकूंचा फोन. “अहो, माझ्या खात्यातून पैसे कोणी काढले?”

झालं होतं असं. नानांच्या फोनला कव्हर नाही, ते कपाट आहे. मागे बोट अडकवायची लोखंडी रिंग, आतल्या कप्प्यात तांब्याच्या पत्र्यावरची सप्तशृंगी देवी, डॉक्टरची चिठ्ठी, पाचशेची घडी केलेली नोट आणि पुढच्या झाकणात काकूंचं एटीएम कार्ड. मशीनने वाचलं ते कार्ड. कार्डाला बॅटरी लागत नाही, मशीनच्या क्षेत्रातूनच ते आपली वीज घेतं. आणि 1 जानेवारी 2021पासून पाच हजारांपर्यंत नुसतं टेकवलं तरी पिन विचारायचं बंधन नाही. त्याआधी ही मर्यादा दोन हजार होती. कायद्याने सगळं बरोबर होतं. काकूंना कायदा मान्य नव्हता.

शुक्रवारी आम्ही किदवई रोडला गेलो. शुक्रवार म्हणजे आमचा रविवार. माग बंद, गाव बाजारात. दुरुस्तीच्या टपरीवरचं पोरगं विशीतलं. त्याने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. “नाना, पहले कव्हर उतारो.” रिंग आणि देवीचा पत्रा बाजूला झाला. धातू आड आला की क्षेत्र अडतं, हे त्याने मला दोन वाक्यांत समजावलं. मग सेटिंगमध्ये शिरून एनएफसी चालू असल्याचं पाहिलं, पैशाचं ॲप उघडलं आणि थबकला.

“नाना, इसमें कार्डच नहीं है. लॉक निकाला क्या?”

“काढलं ना,” नाना म्हणाले. “घरात काय चोर राहतात?”

तर दुखणं हे होतं. टेकवून पैसे द्यायचे तर फोनला लॉक हवंच. लॉक काढलं की भरलेलं कार्ड ॲपमधून उडतं. पण नानांचा फोन सकाळी काकूंच्या भजनांचा, दुपारी नातीच्या कार्टूनचा, संध्याकाळी शेजारच्या आबांच्या कांद्याच्या भावाचा. दर वेळी कुलूप उघडायला नानांना झोपेतून उठवायचे, म्हणून त्यांनी कुलूपच काढून टाकलं. फोन एका माणसाचा असतो, हे गृहीत धरणाऱ्याने आमचं घर पाहिलेलं नसणार.

बरीच घासाघीस होऊन पिन ठरला. नानांनी तो विसरू नये म्हणून मोठ्याने म्हणून पाहिला. टपरीवरच्या गिऱ्हाइकांनीही म्हणून घेतला. पोराने कान पकडले आणि दुसरा पिन घालायला लावला. कार्ड पुन्हा भरलं, ओटीपी आला, आणि पोराने आपल्या मेहनतीचे पन्नास रुपये मागितले. नानांनी ऐटीत फोन पुढे केला.

“टॅप नहीं नाना,” पोरगं क्यूआरच्या कागदाकडे बोट दाखवत म्हणालं, “अपने यहाँ स्कॅन.”

नानांना स्कॅन येत नव्हतं. मी केलं. माग बंद असल्यामुळे टपरीवरच्या स्पीकरचं ‘पचास रुपये प्राप्त हुए’ चौकापर्यंत ऐकू गेलं.

परतताना नानांनी मेडिकलपाशी गाडी थांबवायला लावली. खोकल्याचं औषध आणि मलम, दोनशे सत्त्याण्णव रुपये. फोन उघडला, कॅमेऱ्याची बाजू चिन्हावर धरली, पहिल्या झटक्यात टुंय्. दुकानदाराने पिशवी दिली. नाना हलेनात. हात पुढेच.

“काय राहिलं, नाना?”

“तीन रुपयांचं चॉकलेट,” नाना म्हणाले. “सुटे नसले की देतोस ना? नात वाट बघतेय.”

“पण नाना, आज तर बरोबर दोनशे सत्त्याण्णवच कापले!”

“ते मशीनने कापले. तुझं-माझं आधीपासून ठरलंय ना?”

दुकानदाराने बरणी पुढे केली. नानांनी दोन घेतली.