दुसरा हात

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, की आमच्या गल्लीतले भाऊ जुनी बनियन शोधू लागतात. ती बनियन केव्हाच फरशी पुसायला गेलेली असते. मग भाऊ घरातली बरी बनियन चढवतात आणि संध्याकाळपर्यंत तिचीच जुनी करून दाखवतात. वाशीम जिल्ह्यात, रिसोडपासून कारंज्यापर्यंत, गल्लीला एक असे भाऊ सापडतातच. घराला रंग स्वतः देणारे.

रंगाऱ्याला ते बोलावतात, नाही असं नाही. चहा पाजतात, भिंती दाखवतात, मजुरी विचारतात. तो आकडा सांगतो आणि भाऊ हसतात. "एवढ्या पैशात तं मी तुले रंग देतो!" रंगारीही हसतो. पुढच्या दसऱ्यालाही असंच बोलावणार, हे त्याला ठाऊक असतं.

भाऊंकडे आणखी एक हुकमी पान आहे: इतिहास. "वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव. त्यानं अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं केलं. दीड हजार वर्षं रंग टिकला बावा! आपल्या रक्तातच हाये ते." सोळा नंबरच्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे, हे खरं. पण मंत्र्यानं स्वतः घोडीवर चढून ब्रश मारल्याचं त्यात कुठंही नाही. त्यानंही माणसं लावलीच असणार, आणि मजुरी ऐकून हसला नसणार.

पूर्वी हे काम सोपं होतं. टिपाडात चुन्याचे खडे टाकायचे, पाणी ओतायचं, खदखदू लागला की पोरांना लांब हाकलायचं. रात्रभर विरू द्यायचा, सकाळी थोडी नीळ, थोडा डिंक, आणि अंबाडीच्या वाखाचा कुंचा. अंगाला पांढरं लागलं तरी कुणी विचारत नसे. सगळ्या गावाच्याच पाठी पांढऱ्या. आता दुकानात शेड कार्ड आलं. त्यात हिरव्याच्याच इतक्या जाती, की भाऊ वहिनींना विचारतात, वहिनी बोट ठेवतात आणि भाऊ त्याच्या शेजारचा घेतात.

हिशेबात मात्र भाऊ पक्के. खोली दहा बाय बारा, उंची दहा. घेर ४४, गुणिले दहा, ४४० चौरस फूट. दार-खिडक्यांचे ४० वजा. राहिले ४००. डब्यावर लिहिलेलं वाचून तंतोतंत तेवढाच रंग आणला. वहिनी डबा फिरवून म्हणाल्या, "अवो, हे एका हाताचं लिवलं हाये."

"मंग?"

"दुसरा हात?"

भाऊंनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

लांबी भरणं त्यांना मान्य नाही. रंगाऱ्यांनी काम लांबवायला काढलेली वस्तू म्हणजे लांबी, अशी त्यांची व्युत्पत्ती. घासपेपरही दोन फुटांपुरताच चालतो. मग नाकात धूळ जाते आणि भिंत "तशी गुळगुळीतच" असल्याचं लक्षात येतं. पोपड्यावरून रोलर फिरला, की पोपडा पापडासारखा सुटून रोलरला चिकटतो आणि पुढच्या फेरीत दुसरीकडे जाऊन बसतो. रंग दांड्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून घोडी धरून उभ्या असलेल्या वहिनींच्या भांगात. भिंती संपल्यावर भाऊंना छत आठवतं. मग छताचा पांढरा रंग ओल्या हिरव्यावर टपकू लागतो. स्विचबोर्डाभोवतीची आणि खिडकीच्या गजांमागची कड वहिनी दुपारी, भाऊ घोरत असताना, छोट्या ब्रशानं गुपचूप नीट करतात. दुसरा हात तो हाच. संध्याकाळी भाऊ पाहुण्यांना नेमकी तीच कड दाखवतात.

पण गोष्टीतला खरा अडसर कोपऱ्यात आहे. सोयाबीनचे कट्टे. आमच्याकडे दिवाळी आणि सोयाबीन एकदमच घरात येतात, आणि भाव मात्र येत नाही. फरशीवर अंथरलेला मागल्या वर्षीचा पेपर नेमका बाजारभावाच्या पानाचा निघतो. हातात ओला ब्रश घेऊन भाऊ ओणव्यानं तो वाचत राहतात आणि तेवढ्यात रोलर वाळतो. थप्पी हलवायची म्हणजे चार माणसं आणि चौघांची मजुरी. म्हणून भाऊ थप्पीच्या कडेकडेनं रंग देतात. "मागचं कोन पायते? कट्टे गेले की मारू."

कट्टे जातात चैत्रात, कधी त्याच्याही नंतर. तोवर उरलेला रंग डब्यात चामड्यासारखा झालेला असतो. त्या कोपऱ्यात आता पायऱ्या दिसतात: वर शेवटचा हिरवा, त्याच्याखाली पिवळा, मग गुलाबी, आणि पार तळाशी वडिलांच्या वेळची निळी झाक. मी एकदा विचारलं, तर भाऊंनी रंगलेलं बोट ठेवून वाचूनच दाखवलं. "हे खिडकीपर्यंतची थप्पी २०२४ ची. हमीभाव ४,८९२ अन् मार्केटात त्याच्याखाली. विकतो कायले? हे खालची त्याच्या आधीची. पोरीचं लग्न होतं, तं अर्धे कट्टे लवकर गेले, म्हणून रंग खालपर्यंत आला."

आतून वहिनींचा आवाज आला, "यंदा पयले कट्टे बाहीर काढा, मंग ब्रश हाती घ्या."

"भाव येऊ दे," भाऊ म्हणाले आणि घोडीवर चढले.

वहिनी हात पुसत आल्या, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि घोडी धरली.