पंच नंबर दोन

मंचरच्या बाजारात माझी ओळख ‘मुडद्याचं शिकवतो तो’ अशी आहे. पुण्यातल्या एका विद्यापीठात मी तासिका तत्त्वावर न्यायसहायक जीवशास्त्र शिकवतो. पण हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत भाजीवाली पुढच्या गिऱ्हाइकाची मेथी बांधायला घेते, म्हणून मुडद्याला मी मान्यता दिली आहे. एका स्थळाकडच्या मामांनी तर थेट विचारलं, “फाडून आल्यावर आंघोळ करता ना?” मी म्हणालो, फाडायचं काम डॉक्टरांचं. माझ्या वाट्याला रक्ताचे डाग, केस, लाळ, माश्या आणि अळ्या. मामांनी चहा अर्धा ठेवला.

तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. सुट्टीत तुम्ही नसताच. हे पैसे कधी मिळतात ते सांगण्याआधी थोडं मांसमाशीविषयी सांगायला हवं. उघड्यावरच्या मृतदेहावर पहिली हजेरी तिची, बऱ्याचदा काही मिनिटांतच. अंडी, मग तीन टप्प्यांत वाढणारी अळी, मग कोष, मग माशी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा संसार दहा-बारा दिवसांत उरकतो. अळी कुठल्या टप्प्यावर आहे आणि हवा किती गरम होती हे कळलं, की मरण कधी आलं असेल याचा अंदाज बांधता येतो. माझं मानधनाचं बिल टेबलावर किती दिवस पडून आहे, हेही याच शास्त्राने काढता येईल. फक्त तिथे टप्पे मोजून भागणार नाही, माश्यांच्या पिढ्या मोजाव्या लागतील.

हे शास्त्र जुनं आहे. चीनमधल्या सुंग त्स नावाच्या न्यायाधिकाऱ्याने 1247 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात एक खून येतो. हत्यार विळ्यासारखं होतं. तपास करणाऱ्याने गावातले सगळे विळे उन्हात मांडायला लावले. एकाच विळ्यावर माश्या घोंगावल्या आणि त्याच्या मालकाने गुन्हा कबूल केला. मी ही गोष्ट दरवर्षी रंगवून सांगतो. यंदा ओतूरकडची एक मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, ऊसतोडीत आमच्याकडं सगळ्याच कोयत्यांवर माश्या बसतात. रस लागलेला असतो.” त्या चिनी आरोपीला तेव्हा ओतूरचा वकील मिळायला हवा होता.

बाकीची मुलं ‘सी.आय.डी.’ पाहून आलेली असतात. तिथे डॉ. साळुंखे नळी हलवतात आणि जाहिरातींच्या आत निकाल देतात. हे भूत उतरवायला मी पिशवीतून सातगाव पठारचा बटाटा काढतो. रक्ताचा संशय घ्यायची कॅसल-मायर नावाची एक सोपी चाचणी आहे. डागावर आधी तिचं द्रावण टाकायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. लगेच गुलाबी झालं तर पुढच्या चाचण्यांना पाठवायचं. बटाट्यातही तसंच काम करणारं विकर असतं, त्यामुळे जरा उशिराने का होईना, बटाट्याचा कीसही गुलाबी होतो. वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी दयाला दार तोडायला सांगतं.

प्रात्यक्षिकाच्या अळ्या मी घरीच वाढवतो. त्यांना कलेजी लागते. मटणवाल्याकडे ‘पावशेर द्या, शिळी असली तरी चालेल’ म्हणणारं गिऱ्हाईक मी एकटाच, आणि आईने त्या डब्याला मोरीच्याही पलीकडे, गोठ्यात जागा दिली आहे. तो डबा मांडीवर घेऊन मी एसटीने पुण्याला निघतो. मंचर सोडताना अळ्या खात असतात. चाकणच्या कोंडीत त्या खाणं सोडून कोषाच्या तयारीला लागतात आणि माझा अर्धा धडा तिथेच संपतो. शेजारच्या आजोबांनी एकदा डब्यात काय आहे विचारलं. मी म्हणालो, प्रात्यक्षिक. त्यांनी आपली दशम्यांची पिशवी उचलून खिडकीकडे घेतली.

गावात मात्र या विषयाचे जाणकार घरोघरी आहेत, आणि त्यांना कोणी तासाला पैसे देत नाही. धरणं झाली, कुकडी आणि घोडचं पाणी शेतात आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या. जुन्नरजवळ माणिकडोहला त्याच्यासाठी निवारण केंद्र आहे. आमच्या शेळ्यांसाठी पंचनामा आहे. शेळी गेली की 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं आणि तोवर तिला जागची हलवायची नाही. बिबट्याने मारली तर भरपाई मिळते, गावच्या कुत्र्यांनी फाडली तर नाही. त्यामुळे आरोपी कोण, याला आमच्याकडे रोख किंमत आहे.

मध्यंतरी शेजारच्या आजींची शेळी गेली. वनरक्षक यायच्या आधी मी पोचलो, तर ठसे पाट्यांखाली झाकलेले, आणि कोंबड्या-कुत्री हाकायला नातू काठी घेऊन बसवलेला. पुराव्याची राखण कशी करावी यावर मी वर्गात चार तास घेतो.

“कुत्र्याचं काम न्हाय हे,” आजी म्हणाल्या. “कुत्रं मागून धरतं, मांड्या फाडतं. ह्यानं नरडं धरलंय. हे दात बघ. आन् हा फराटा, उसाकडं वढत न्हेली.”

मला राहवेना. मी म्हणालो, “आजी, जखमेभोवतीची लाळ कापसाच्या बोळ्यावर घेतली, तर डीएनएवरून नेमका कुठला बिबट्या तेही सांगता येतं.”

“कुठला का आसंना,” आजी म्हणाल्या. “पैशे त्याच्याकडनं घ्यायचेत व्हय?”

वनरक्षक आला. त्याने फोटो काढले, टेप लावली, जखमा पाहिल्या आणि आजींचाच निकाल शुद्ध भाषेत लिहून घेतला. पंच नंबर एक सरपंचांचे चुलते. पंच नंबर दोन मी. नाव झालं, वय झालं. धंदा विचारल्यावर मी विषय, विद्यापीठ आणि तासिका तत्त्व असं सगळं सांगितलं. त्याने फॉर्मवरचा चौकोन पाहिला, माझे चिखलाने भरलेले पाय पाहिले आणि लिहिलं : शेती.

“कर सही बिगीनं,” आजी म्हणाल्या, “धारा काढायच्या ऱ्हायल्यात.”