पेत्राची सासू

पेत्राच्या सासूला ताप आला होता. येशू घरात आला, त्याने तिचा हात धरून तिला उठवलं, ताप उतरला आणि बाई लगेच उठून पाहुण्यांच्या सरबराईला लागली. मार्काने ही हकिकत आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात दोन ओळींत उरकली आहे. पाद्रीबाब प्रवचनात त्यातला चमत्कार समजावून सांगतात. आमच्या रामनगरच्या बायकांना चमत्काराबद्दल शंका नसते. त्यांचं लक्ष पुढच्या भागावर असतं. “घरात पुरुष किती होते?” एकीने मला विचारलं. चार होते. पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान, मार्काने नावानिशी लिहून ठेवलेत. “आणि चौघांतल्या एकालाही पेज टाकता आली नाही?”

आता खरं सांगायचं तर सासूबाईंची बाजूही मला कळते. आठवडाभर अंथरुणावर काढल्यावर आपल्या चुलीपाशी उभं राहायला मिळणं, आपल्या हाताने मीठ घालणं, यात एक सुख आहे. ते सुख आपण घ्यावं, दुसऱ्याने कर्तव्य म्हणून वाढू नये, एवढंच.

आमचं रामनगर जोयडा तालुक्यात. तो ज्यांना माहीत नाही त्यांनी गोव्याच्या पूर्वेला, काळी नदीच्या उगमाकडे बघावं. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात, मग त्याच राज्याचं कर्नाटक झालं. आम्ही कुठेही न जाता तीन राज्यांत राहिलो. तालुक्याचं जुनं ठाणं सुपा. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तिथली बरीच माणसं रामनगरला येऊन वसली. घरात कोकणी, आईच्या पिढीची शाळा मराठी, कचेरीत कन्नड. प्रार्थना कुठल्या भाषेत करावी असा प्रश्न इथल्या बाईला कधी पडत नाही. ती कधी करावी, हा पडतो.

संध्याकाळी तेर्स, म्हणजे पाच रहस्यांची जपमाळ, म्हणायला बसावं तर कुकर चुलीवर असतो. हातात माळ, कान शिटीकडे. दहा मण्यांचा आणि तीन शिट्यांचा हिशेब एकमेकांत जातो, धाकट्याला दुसऱ्या रहस्याला झोप लागते, थोरली चौथ्या रहस्याला उद्या शाळेत चार्टपेपर न्यायचाय हे जाहीर करते. रामनगरात रात्री आठ वाजता चार्टपेपर मिळवणं हे पाचवं रहस्य. अशी प्रार्थना वर पोहोचते का, हे मी एका वयस्क सिस्टरना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “पोचते गे. वाटेत थोडी करपते.”

बायकांना धीर देण्यासाठी लिहिलेल्या ख्रिस्ती पुस्तिका आमच्याकडे बऱ्याच फिरतात. मुखपृष्ठावर गुलाब, नाहीतर सूर्योदय. घरातली सगळी निजलेली असताना उठा आणि शास्त्र वाचा. नवरा घरी आला की हसतमुखाने दार उघडा. मुलांवर आवाज चढवू नका. पाहुणचारात कुरकुर नको. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या कृपा वहीत लिहा. वाचून होईपर्यंत बाई आधी होती त्याहून दमलेली असते. धीर म्हणून दिलेलं पुडकं उघडावं आणि आतून कामाची यादी निघावी, असं फार वेळा होतं. आणि या सगळ्या पुस्तिका शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. नीतिसूत्रे, अध्याय ३१.

त्या अध्यायातली आदर्श गृहिणी तुम्हाला ठाऊक असेलच. लोकर आणि ताग जमवते, सूत कातते, कपडे शिवून विकते, व्यापाऱ्याच्या गलबतासारखी लांबून धान्य आणते. रात्र सरायच्या आत उठून सगळ्यांच्या खाण्याचं बघते. तिचा दिवा रात्री विझत नाही. मी हे दोन्ही उल्लेख समोरासमोर ठेवून पाहिले. दिवा विझत नाही आणि पहाटेआधी उठते, तर ती झोपते कधी याचा उलगडा बावीस ओव्यांत कुठेही नाही. दिव्याचं तर आम्ही बोलूच नये. सुप्याच्या पाण्यावर शंभर मेगावॅट वीज निघू शकते, पण आषाढात तारेवर एक फांदी पडली की आमचं घर थेट शलमोनाच्या काळात जातं.

ती शेत पाहते, विचार करते आणि विकत घेते. आमच्याकडे उताऱ्यावरून आजेसासऱ्यांचं नाव अजून निघालेलं नाही. स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. इथे लावून बघावा. गवे आणि माकडं फळ धरायचीसुद्धा वाट पाहणार नाहीत. बर्फाची तिला भीती नाही, कारण घरातल्या सर्वांना तिने उबदार कपडे केलेत. बर्फाची भीती आम्हालाही नाही. जुलैत ओल्या गणवेशाचे तीन जोड चुलीवरच्या दोरीवर वाळत असतात, तेव्हा भीती असते ती धुराच्या वासाची.

आणि नवरा? तो वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसलेला असतो. अध्यायात तोवर त्याचं काम एवढंच. ही ओवी ऐकली की आमच्या बायका एकमेकींकडे बघून ओठ दाबतात, कारण ती जागा त्यांच्या ओळखीची आहे. रामनगरची वेस म्हणजे चहाची टपरी. जोयड्यात हिवाळ्यात कंदमुळांचा मेळा भरतो. मातीत हात घालून ते कंद वाढवणाऱ्या कुणबी बायका टोपल्या मांडून खाली बसलेल्या असतात. त्या वेळी मंडपातल्या खुर्च्यांवर नजर टाकली की वेशीत बसणं म्हणजे काय ते भाष्याशिवाय कळतं. आणखी एक तपशील या पुस्तिका हळूच गाळतात. त्या बाईकडे दासी होत्या. अध्यायाच्या पंधराव्या वचनात स्पष्ट आहे.

अध्यायाचा पहिला भाग कोणी वाचत नाही, तो वाचला की गंमत कळते. हे बोल लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेले. म्हणजे ही यादी कोणाची, तर होणाऱ्या सासूबाईंची! मुलाला बायको कशी हवी, हे आई सांगते आहे. स्थळ बघायला निघालेल्या कुठल्याही आईची यादी अशीच असते. त्यातून ही हिब्रू मुळाक्षरांवर बांधलेली रचना, बावीस अक्षरं आणि बावीस ओव्या. अक्षर आलं की गुण सापडलाच पाहिजे. शेवटच्या अक्षरापर्यंत येताना कुठल्याही सुनेची दमछाक होणार.

ज्यू घरांत याच ओव्यांचं काय करतात हे मला बरंच उशिरा कळलं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू झाला की जेवणाच्या टेबलाशी नवरा आपल्या बायकोसाठी ही रचना म्हणतो. आठवड्याचं काम झालेलं आहे, बाई बसलेली आहे, आणि तिच्या समोर तो हे गातो. म्हणजे तिथे ही गुणपत्रिका राहिली नाही, ती पावती झाली. तिला “अशी हो” म्हणायचं नाही, “अशी आहेस” म्हणायचं. आम्ही नेमके शब्द उचलले आणि म्हणणारं तोंड बदललं. नवऱ्याने घरी म्हणायचं ते पाहुण्या वक्त्याने महिला मंडळात म्हणायला सुरुवात केली.

धीर हवा असेल तर मी आपली लक्ष्मीबाई टिळकांकडे जाते. ‘स्मृतिचित्रे’ आमच्या घरी आईच्या मराठी शाळेच्या पुण्याईने आलं. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघालं, आणि आदर्श ख्रिस्ती पत्नी व्हायचं कसं याबद्दल त्यात एक अक्षर नाही. आहे तो नवरा. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात, तो भला, तापट, उधळा कवी. आला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवणारा, रागावला की घराबाहेर पडणारा. आणि त्याच्या पाठोपाठ बिऱ्हाड बांधणारी, सोडणारी, पुन्हा बांधणारी बायको. ती त्याला देव करत नाही आणि दुष्टही ठरवत नाही. नवऱ्यावर इतकं मनमोकळं हसून त्याच्यावर इतकी माया करता येते, हे मला कुठल्याही विवाहपूर्व शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं.

लक्ष्मीबाई वाढल्या त्या घरात वडिलांचं सोवळं पराकोटीचं. लग्न अकराव्या वर्षी. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला न सांगता. पुढची काही वर्षं ती लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिली. नवऱ्याकडे परत आली तेव्हाही धर्म आपला तोच, स्वयंपाकपाणी वेगळं. पत्नीने पतीच्या अधीन राहावं, हे पौलाचं वचन आमच्याकडे लग्नाच्या मिसेत मोठ्या उत्साहाने वाचतात. लक्ष्मीबाईंनी ते वाचलं असतं तरी फरक पडला नसता. ख्रिस्ताकडे त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या डोक्याने. माणसामाणसांतला भेद देवाने केला की आपण, हा प्रश्न त्यांनी आधी आपल्या मनाशी सोडवला, आणि मग १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. टिळकांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांनी वाट पाहिली. बायकोची श्रद्धा वेगळ्या गाडीने येते आहे, म्हणून फलाटावर पाच वर्षं थांबलेला नवरा मला तरी त्यांच्या कवितांहून मोठा वाटतो. (कवितेच्या जाणकारांनी माफ करावं.)

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अर्धवट होतं, अर्धवट म्हणणंही जास्तच, कारण मोठा भाग लिहायचा राहिलेला. तो लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने येशूचं चरित्र ओवीत पुरं केलं. स्वयंपाकघरात बसून जी स्त्री स्वतःवर हसू शकते तिला ख्रिस्तावर लिहायला भीती वाटत नसावी.

पहाटे उठण्याबद्दल मी वर जरा तिरकस बोलले, तर पंडिता रमाबाईंची आईही सांगायला हवी. गंगामूळच्या रानात, म्हणजे आमच्याच सह्याद्रीत पण बरंच दक्षिणेला, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवता यावं म्हणून लोकवस्तीपासून दूर घर केलं. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. पुढे रमाबाईंच्या आईला दिवसभर कामातून सवड नसे, म्हणून ती उजाडायच्या आत मुलीला कुशीत घेऊन जागी करी आणि संस्कृत पाठ देई. ती ख्रिस्ती नव्हती. तिची मुलगी झाली. त्या मुलीने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं, आणि केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच स्त्रियांनी. अशा पहाटेबद्दल माझी तक्रार नाही. त्या अंधारात कोणी डबे भरत नव्हतं.

मार्थेवर मात्र सगळ्यांनीच अन्याय केला. ती कामात गुंतली, तिची बहीण मारिया येशूच्या पायाशी बसली, येशूने मार्थेला समजावलं. एवढंच सांगून प्रवचन संपतं. पण भावाला, लाजराला, पुरल्यावर वाटेवर जाऊन येशूला गाठणारी मार्थाच. तूच ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, हे तिने तिथे धूळभरल्या रस्त्यावर म्हटलं. पेत्राने जवळजवळ हेच म्हटलं तर त्याला स्वर्गाच्या किल्ल्या मिळाल्या. मार्थेच्या वाट्याला पुढच्याच अध्यायात काय, तर योहानाने इमानेइतबारे लिहिलंय, ती वाढत होती.

पुनरुत्थानानंतरची एक पहाट मी या पंगतीत मुद्दाम मांडते. रात्रभर जाळी टाकून काहीच न मिळालेले शिष्य सकाळी किनाऱ्यावर उतरले तर येशूने निखारे पेटवून ठेवलेले, त्यावर मासे, बाजूला भाकर. मृत्यूला जिंकून आलेला माणूस, आणि त्याने काय केलं तर न्याहारी. काळीच्या काठी राहणाऱ्यांना यातली मेहनत कळते. मासे साफ कोणी केले, निखारे धरेपर्यंत फुंकर कोणी घातली, याचं उत्तर एकच येतं. महिला दिनाला पुरुषांसाठी शिबिर ठेवायचं झालं तर विषय हा असावा असं मी सुचवलं होतं. हसले सगळे. विषय ‘ख्रिस्ती घरात बाईची भूमिका’ हाच ठरला.

म्हणून मी घरच्यांनाच धरलं. ज्यूंची पद्धत समजावून सांगितली आणि शनिवारी रात्री जेवणाआधी बायबल यांच्या पुढ्यात सरकवलं. मुलं खुदुखुदु हसत होती. आमचे हे बँकेत कन्नड बोलून आलेले, मराठी वाचताना अडखळतात. पण वाचत गेले. लोकर, ताग, गलबतं, शेत. दिव्यापाशी आले आणि लाईट गेली. थोरलीने मोबाईलचा उजेड धरला. वेशीतल्या नवऱ्याच्या ओवीशी ते थांबले, तीच ओवी पुन्हा एकदा मनात वाचली आणि म्हणाले, “हे बाकी एकदम बरोबर लिहिलंय.”

“पुढे वाचा,” मी म्हटलं. “शेवटी नवऱ्याने बायकोची वाखाणणी करायची आहे.”

“करतो गे. पण आधी वाढ.”

“वाखाणणी आधी.”

त्यांनी पुस्तक थोरलीकडे दिलं, अंधारातच उठले आणि ताटं घ्यायला गेले. दोन पडली.

“स्टीलचीच आहेत,” आतून आवाज आला.

आमच्या सासूबाई इतका वेळ माळ ओढत कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “तो आत कित्याक गेलो?”

थोरली म्हणाली, “आजी, पप्पा एकतिसावा अध्याय करतात.”

“मग बाविसाव्या ओवीपर्यंत करू दे,” सासूबाई म्हणाल्या, “भांडीही त्यातच येतील.”