इथे म्हणजे कुठे?

बंगळुरात विमानतळाच्या बसने सादहळ्ळीचा टोल ओलांडला तेव्हा भाऊजींनी मला फोनवर पत्ता सांगायला घेतला. मी हेब्बाळला उतरलो तरी ते फ्लायओव्हरवरच अडकले होते. तिथे कोंडी का होते, तलावावर पूर्वी किती पक्षी यायचे, हे सगळं झालं. गल्ली काही आली नाही. शेवटी ताईने फोन हिसकावून घेतला. “मेडिकल, निळं गेट, तिसरा मजला,” म्हणाली आणि ठेवला.

भाऊजी मूळचे साताऱ्याचे. तिथे पत्ता सांगत नाहीत, लावतात. कीर्तन लावावं तसा. पोवई नाक्यापासून निघून, आता नसलेल्या दोन दुकानांवरून, कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीवरून पत्ता मुक्कामी पोचतो.

अशा माणसाला अकरावीतल्या भाच्याने व्हॅलोरंट खेळायला बसवलंय. त्यांचा पाचवा गडी क्लासमुळे गळाला, ही त्या नेमणुकीची खरी हकीकत. भाऊजींच्या तोंडी मात्र ‘मुलं मागेच लागली’.

खेळ पाच विरुद्ध पाच. एकांनी स्पाइक नावाचा बॉम्ब लावायचा, दुसऱ्यांनी निकामी करायचा. बॉम्ब लावायला 100 सेकंद, लावला की 45 सेकंदांत धडाम. शत्रू दिसला की दोन शब्दांत जागा सांगायची, याला कॉल देणं म्हणतात. भाऊजींचं नुसतं “हे बघ, काय झालं माहितीये का” एवढ्यात बसत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी मागच्या पलंगावर होतो. भाऊजी बनियनवर, कानावर हेडफोन, खुर्चीच्या टोकाला.

“आला! इथे आला!”

“बाबा, इथे म्हणजे कुठे?” आतल्या खोलीतून भाचा.

“अरे, माझ्यासमोर!”

संघात एक कन्नड मुलगा आहे. त्याची गैरसोय नको म्हणून भाऊजींनी लगेच भाषांतर केलं, “इल्ली! इल्ली!” तिकडून शांतपणे आलं, “अंकल, इल्ली अंद्रे एल्ली?” कन्नड न येणाऱ्या मलाही ते कळलं. तेवढ्यात भाऊजी मेले.

मेल्यावर त्यांना खरा कंठ फुटतो. या खेळात मेलेल्यालाही आपल्या गड्यांशी बोलता येतं, ही सोय कुणी केली त्याला साष्टांग नमस्कार. तो कसा वाकून आला, आपण कसे गाफील होतो, बंदुकीला पैसे कसे कमी पडले, सगळं साद्यंत. बाकीचे चौघे तोवर ऐकत ऐकत मरतात.

गंमत म्हणजे आपण उभे असू त्या जागेचं नाव पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, छोट्या नकाशापाशी, लिहिलेलं असतं. भाऊजी ते वाचत नाहीत. पाटी वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं, पानवाल्याला विचारणार. इथे पानवाला नाही, ही त्यांची खरी अडचण.

भाच्याने शिकवणी लावली. “ए मेन” म्हणताच भाऊजींनी अठरा वर्षांच्या बंगळुरी सवयीने विचारलं, “क्रॉस कितवा?” मग ‘हेवन’ आलं. हेवन म्हणजे वरची गच्ची, खालची जागा हेल. सामन्यात कुणी तरी “वन हेवन!” ओरडला, तर हे हळहळले, “कोण गेलं?”

माणूस जिद्दीचा, हे मान्य करायला हवं. असेंट नावाचा नकाशा छापून फ्रिजवर चिकटवला आणि आंघोळीत पाठांतर सुरू केलं: मार्केट, पिझ्झा, वाइन, मार्केट, पिझ्झा, वाइन. ताई दाराबाहेरून म्हणाली, “आज गुरुवार आहे, जरा दत्ताचं घ्या.”

लोटस नकाशावर मात्र त्यांची कळी खुलली. 2023 च्या जानेवारीत आलेला हा नकाशा चक्क पश्चिम घाटातला दाखवलाय. “म्हणजे सह्याद्री! घरचं मैदान!” त्यांनी सरसकट नव्याने बारसं केलं. ‘वॉटरफॉल’ झालं ठोसेघर, ‘माउंड’ झालं टेकाड, आणि घरघर फिरणारा दगडी दरवाजा झाला जातं. “एक ठोसेघरला!” असा कॉल गेला तेव्हा संघातला मल्याळी मुलगा ते शोधत पूर्ण फेरीभर हिंडला.

मुलं हसली. मला ती चूक वाटत नाही. काउंटर-स्ट्राइक या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2001 सालच्या डस्ट टू नकाशात एका कोपऱ्याला खेळाडू ‘गूज’ म्हणत आले, कारण तिथल्या भिंतीवर बदकासारखा पक्षी रंगवलेला होता. म्हणजे तिथेही साताराच. पण गूज म्हटल्यावर समोरच्यालाही तोच कोपरा दिसतो. ठोसेघर फक्त भाऊजींना दिसतं.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊजी स्वयंपाकघरात जिरं शोधत होते. “अगं, इथे तर नाहीये!”

“वरचा कप्पा, डावीकडे, हिंगामागे,” भाजी ढवळत, मागे वळूनही न बघता ताई म्हणाली.

आतून भाच्याचा आवाज आला, “आई, नाइस कॉल!”

संघात घेण्याबद्दल तिला विचारून झालंय. तिला वेळ नाही. भाऊजी आयर्न 1 मध्ये आहेत. त्याखाली पायरी नाही.