न मोजलेल्या गुंठ्याचं सुख

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याला लागलं की कुंभारी येते. इथं घराची किंमत लोकांना ठाऊक आहे. कामगार नेते आडम मास्तरांच्या मागं विडी कामगार बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठं गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं झाली. पुढं इथल्याच रे नगर वसाहतीच्या 30,000 घरांपैकी पहिली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना मिळाली. एवढा धीर ज्याला नाही, तो शहाणा माणूस सुट्टीच्या दिवशी एजंटाच्या मोटारसायकलवर मागं बसून जातो आणि चहा गार व्हायच्या आत गुंठ्याचा मालक होऊन येतो.

जागा दाखवायची एजंटाची पद्धत पाहण्यासारखी असते. "त्या बाभळीपासून ह्या डांबापर्यंत, दादा." मग तो ढांगा टाकत निघतो. गुंठा म्हणजे 33 बाय 33, एकूण 1,089 चौरस फूट, हे सरकारी गणित झालं. एजंटाच्या ढांगेला असलं बंधन नसतं. कोपऱ्याला चुना फासलेला दगड असतो. तो पायानं जरा सरकतो, पण आपण तिकडं बघू नये. समोरचा माणूस आपल्याला दादा म्हणतो आहे.

काही संशयी लोक अशा वेळी मोजणीचं काढतात. मोजणीचा अर्ज सातबाऱ्यावरच्या खातेदारानं करायचा, म्हणजे व्यवहाराआधीच विकणाऱ्याला कामाला लावायचं. मग भूमी अभिलेख खात्यात फी भरा, लगतच्या खातेदारांना नोटिसा जाऊ द्या, भूकरमापक यंत्र घेऊन येईपर्यंत थांबा. इतकं करून हाती काय, तर हद्दीच्या खुणा आणि 'क' प्रतीचा नकाशा. त्यात कधी कधी आपला प्लॉट शेजारच्या गटात निघतो. ज्ञानानं असं दुःख होतं.

त्यापेक्षा वास्तुतज्ज्ञ बरा. त्याची फी देताना कोणी कुरकुरत नाही. तो होकायंत्र ठेवून ईशान्य कोपरा अचूक काढून देतो. तो कोपरा कोणाच्या मालकीचा आहे, हा क्षुद्र प्रश्न तो विचारत नाही.

कागदांचंही तसंच. पंधरा-वीस जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढली, की जन्मभराचा ऋणानुबंध जुळतो. पुढं कर्ज काढायला, विकायला, वाटणीला सगळ्यांच्या सह्या लागतात. त्या निमित्तानं भेटीगाठी होतात. बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मागून हे प्रेम नासवू नये. आणि ज्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवायची दगदग नको, त्याच्यासाठी नोटरीचा लाल शिक्का आहेच. तो दिसतोही छान.

जमिनीच्या पोटात डोकावणं तर असभ्यपणाच. सोलापूरकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मुरूम किती खोल आहे ते खड्डा घेऊन पाहिलं, तर पाया कसा घ्यायचा ते इंजिनिअर सांगेल आणि खर्च वाढेल. न पाहता बांधलं तर भिंतीलाच भेग पडते. तिच्यावर कॅलेंडर लावता येतं. ज्यांनी रेरा नोंदणीचं तयार घर घेतलं, त्यांना कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला असा दोष बिल्डरकडून फुकट दुरुस्त करून मागता येतो. पण त्यासाठी भेग आधी पाहावी लागते, आणि तिथं तर कॅलेंडर आहे.

या गावात विडीची मजुरी हजार विड्यांमागं मिळते. कारखान्यात विड्या मोजून घेतात, वाईट निघालेल्या बाजूला काढतात. त्यावर कोणी रुसत नाही. आयुष्याची पुंजी ज्यात घालायची ती जमीन मात्र मोजायची नाही, हा आपला मोठेपणा.

तेव्हा मोजणीचा अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, हे ऐकून विचलित होऊ नका. तुम्ही नाही केला तरी घराचा स्लॅब पडल्यावर शेजारी करणारच आहे.