विमेकरी भाऊ

मालवणच्या प्रत्येक वाडीत एक तरी भाऊ असतातच. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांत त्रुटी काढलेले आणि आता त्रुटी काढायला अर्जच उरला नाही म्हणून कासावीस झालेले. दिल्लीची लेक त्यांना मोबाइलवर विमानाचं तिकीट काढायला शिकवते. पैसे भरायच्या आधी पडद्यावर एक चौकोन उगवतो : ‘प्रवास रद्द झाल्यास संरक्षण हवे का?’ तिथून भाऊंच्या निवृत्तीला अर्थ येतो.

तो चौकोन भाऊ कधीही भरत नाहीत. “तिकीट विकणारोच विमो विकता? चोर आणि फौजदार एकाच ताटात जेवतत!” 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने ऑनलाइन गिऱ्हाइकाला गंडवण्याच्या 13 युक्त्यांवर बंदी घातली. न विचारता बिलात जिन्नस सरकवणं ही त्यातलीच एक. त्या अधिसूचनेची झेरॉक्स भाऊंच्या शर्टाच्या खिशात कायम. शिवाय तिकिटासोबतचा विमा बहुधा तिकिटापुरताच बघतो. दिल्लीचं हॉटेल, पुढची आग्र्याची गाडी, त्यांचं काय? म्हणून भाऊ विमा वेगळा घेतात, दुसऱ्या कंपनीकडून, आणि त्याची अख्खी नियमावली छापून आणून लाल शाईने अधोरेखित करतात. ट्रेनने निघाले तरी 45 पैशांचा विमा चुकवत नाहीत. “45 पैशांत 10 लाख, पण अपघातातच. घरी ऱ्हवलंस तर फुटकी कवडी नाय,” हे मात्र त्या 45 पैशांना ते दर वेळी ऐकवतात.

संध्याकाळी भरड नाक्यावर चहाच्या दुकानात भाऊंचा दरबार भरतो. 9 ऑक्टोबर 2021 ला परुळ्याच्या सड्यावर चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मालवणी माणसाला दोन गोष्टी दारात मिळाल्या : विमान आणि रद्द झालेलं विमान. 5 जानेवारी 2023 पासून गोव्यातल्या मोपाहून उड्डाणं सुरू झाली, तेव्हा तिसरी मिळाली : पहाटे तीनला सुमो ठरवायची कटकट. त्यामुळे भाऊंकडे पक्षकारांची वाण नाही.

“भाऊ, कंपनीनंच विमान रद्द केल्यान तर?”

“मग विम्याचो संबंध येता खंय? दुसरा विमान देवक व्हया, नायतर पैसे परत. सरकारी नियम आसा.”

“आणि मीच नाय गेलंय तर?”

“कर आणि विमानतळाचा शुल्क तरी मागून घे. ता तुझाच.”

“मनच बदलला तर?”

“मनाचो विमो अजून निघाक नाय.”

इथवर भाऊ अजिंक्य असतात. त्यांना घाम फुटतो तो ‘निकटचे कुटुंबीय’ या कलमापाशी. घरात मृत्यू झाला म्हणून प्रवास रद्द केला तर कंपनी भरपाई देते. पण घर म्हणजे कोण? नवरा, बायको, मुलं, आईवडील, फार तर भावंडं. आता मालवणात माणूस असा आटोपशीर मरतो का? इथे भावकी आहे. मूळ पुरुषापासून सातव्या पिढीतला, ज्याच्याशी फणसाच्या झाडावरून वीस वर्षं कोर्टात दावा चालू आहे असा चुलता गेला, तरी दहा दिवसांचं सुतक पाळायचंच. त्याच्याशी बोलणं बंद असेल, सुतक बंद नसतं. भाऊंनी कंपनीला पत्र लिहून वंशावळ जोडली. कंपनीने ती साभार परत केली. आपल्या भावकीला कुटुंब न मानणारी ही पहिलीच संस्था. कोर्टानेसुद्धा एवढं बोलायची हिंमत केली नव्हती.

दुसरा पेच देवीचा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. एका वर्षी नेमका दिल्लीच्या तिकिटाचाच दिवस निघाला. भाऊंनी हेल्पलाइनला फोन लावून सगळं कारण आपल्या कचेरी हिंदीत समजावलं. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “देवीजी आपकी कौन लगती हैं?” भाऊ म्हणाले, “माँ.” तिने मृत्यूचा दाखला मागितला. भाऊंनी फोन ठेवला, देव्हाऱ्यासमोर जाऊन कान पकडले आणि तिकिटाच्या पैशांवर पाणी सोडलं.

तरी पॉलिसी हाती घेतलेला माणूस गप्प बसत नाही. नियमावलीत आणखी एक ओळ आहे : विमा घेताना आधीच ठाऊक असलेल्या आजाराला भरपाई नाही. भाऊंनी तिचा अर्थ लावला तो असा, की पैसे भरण्याआधी आपली माणसं धडधाकट आहेत याची जातीने खात्री करून घ्यावी. भावकी विम्यात बसत नाही, पण सुतक द्यायला ती समर्थ आहे, म्हणून तिचीही पाहणी हवीच. तेव्हापासून तिकीट काढायच्या आदल्या आठवड्यात भाऊ वाडीवाडीतून फिरतात. कट्ट्याच्या आत्येला केळी, चौक्याच्या काकीला बिस्किटांचा पुडा. कोणाचा खोकला ऐकतात, कोणाची बीपीची गोळी बदलली का विचारतात, जिना चढून दाखवायला लावतात. पंचक्रोशीत नाव झालं : म्हाताऱ्यांची इतकी काळजी घेणारा माणूस आता मिळत नाही.

ओळखलं फक्त एकाने. नव्वदीतला, फणसाच्या दाव्यातला प्रतिवादी चुलता. यंदा वीस वर्षांनी भाऊ त्याच्या खळ्यात शिरले, पायांना हात लावला, प्रकृती विचारली. म्हाताऱ्याने चष्मा वर केला आणि म्हणाला :

“इमान कधीचा? तारीख सांग, तवसर कळ काढतंय. आणि परतीचीय सांगून ठेव.”