पुढे काय?

केरीच्या माणसाला वाट पाहणं शिकवावं लागत नाही. तेरेखोलची फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला लागलेली असली की मोटारसायकलवाल्यापासून मासळीवालीपर्यंत सगळे एकाच वेळी निरुद्योगी होतात, आणि कुणालाही त्याची लाज वाटत नाही. समोर दिसतो तो किल्लाही गोव्याचाच, त्याच्या पाठीशी मात्र सिंधुदुर्ग. नदी ओलांडून माणूस पुन्हा आपल्याच राज्यात उतरतो. ही गंमत रोज पाहणाऱ्याला कसली घाई असणार?

पदवीचा निकाल लागला, की याच गावाला एकाएकी घाई सुटते. ‘बाय, पुढे काय?’ हा प्रश्न सुरूच्या बनातल्या वाऱ्यासारखा चहूबाजूंनी वाजू लागतो. शेजारची मुलगी सध्या या वाऱ्यात सापडली आहे. आईला वाटतं, ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात जाऊन एम.ए. करावं. वडिलांना वाटतं, सरकारी नोकरीची जाहिरात येईल तेव्हा मुलगी घरी असावी. जणू जाहिरात स्वतः येऊन दार ठोठावणार आहे. आजीचं गणित सर्वांत पक्कं: जास्त शिकलेल्या मुलीला त्याहून जास्त शिकलेला नवरा लागतो, आणि तो शोधता शोधता घरचे म्हातारे होतात. मुलीला काय वाटतं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलंच, तर ती काय सांगणार, हे तिलाही ठाऊक नाही.

अशा वेळी मला कोसंबी बापलेक आठवतात. साखवाळचे धर्मानंद शाळा फारशी शिकलेले नव्हते. बुद्धाविषयी जाणून घ्यायच्या ओढीने त्यांनी घर सोडलं, काशी, नेपाळ, सिंहल पालथं घातलं आणि 1910 साली पालीचे पंडित म्हणून थेट हार्वर्डला पोहोचले. मुलगा दामोदर त्याच हार्वर्डमधून 1929 साली पदवी घेऊन परतला. डॉक्टरेट त्याने कधी केलीच नाही, पण गणितापासून नाण्यांपर्यंत आणि इतिहासापर्यंत सगळीकडे स्वतःची वाट पाडली. दोघांपैकी कुणाचा दाखला द्यावा? आईला एक सोयीचा, वडिलांना दुसरा. थोरांच्या चरित्रांचं हेच बरं असतं. ती दोन्ही पक्षांची वकिली बिनपैशांनी करतात.

खरं सांगायचं तर पुष्कळ जण एम.ए.ला जातात ते ‘पुढे काय’चं उत्तर दोन वर्षं लांबणीवर टाकायला. त्यात मला काही वावगं दिसत नाही. एरवी बावीस-तेविसाव्या वर्षी नुसतं बसून राहिलेल्या पोरीला जग आळशी म्हणतं; हातात पुस्तक असलं, की तेच जग दबक्या पावलांनी चालतं. आणि लांबणीवर टाकता टाकता एखाद्या दुपारी ग्रंथालयात एखादं पान असं भेटतं, की उठावंसंच वाटत नाही.

तेव्हा बाय, अर्ज भरून टाक. ते पान भेटलं तर पुढे शीक. नाही भेटलं, तर परत ये. कुणी काही विचारलं, तर फेरीला उशीर झाला म्हणून सांग. केरीत हे कारण सगळ्यांना पटतं.